फिनिक्समध्ये राहताना: पाली, विंचू, बेडूक, साप आणि आपण

कोरडवाहू

उन्हाळा लागला की अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्स, टेंपी, चँडलर, गिल्बर्टकडच्या मराठी घरांतून एकच प्रश्न येतो: "घरात विंचू निघाला, आता काय करायचं?" उत्तरं तुटक तुटक दिली जातात आणि पुढच्या वर्षी कोणाला सापडत नाहीत. म्हणून हा धागा. फक्त विंचवांपुरता नको, जे जे अंगणात दिसतं त्या सगळ्यांबद्दल लिहूया.

माझं म्हणणं आधीच सांगतो. घर घट्ट बंद करावं आणि अंगणाला औषधापासून मोकळीक द्यावी. बहुतेक घरांत नेमकं उलट चालतं. दाराखालची फट तशीच राहते आणि अंगणात दर महिन्याला फवारणी होते.

या शहरात वर्षाला सरासरी १८० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जून महिन्यात बाहेरच्या वाळवंटात ओल शोधून सापडत नाही. आपल्या अंगणात मात्र ठिबक चालू, पोहायचा पूल भरलेला, मागच्या दारी रात्रभर दिवा. ओलीपाशी झुरळं आणि रातकिडे येतात, दिव्यावर पतंग येतात, त्यांच्या मागे विंचू, कोळी आणि पाली, आणि पाली-उंदरांच्या मागे साप आणि घुबडं. ही साखळी आपणच अंगणात आणून ठेवली आहे. तिच्यातली एखादी कडी औषधाने मारली तर बाकीच्या जात नाहीत, उलट जी आपल्या फायद्याची ती आधी जाते.

आता विंचू. अ‍ॅरिझोनात विंचवांच्या पुष्कळ जाती आहेत, पण माणसाच्या जिवाची काळजी करावी अशी एकच, बार्क स्कॉर्पियन. गवताच्या काडीच्या रंगाचा, पाच ते आठ सेंटिमीटरचा, शेपटी आणि पुढचे चिमटे दोन्ही सडपातळ. मोठा केसाळ विंचू दिसायला भयंकर, पण त्याच्या विषाची ताकद याच्यापेक्षा बरीच कमी. बार्क स्कॉर्पियन भिंतीवर चढतो, छताला उलटा लटकतो आणि कुठल्याही वस्तूच्या खालच्या बाजूला चिकटून बसतो. म्हणून खुर्ची, कुंडी, खेळणं उचलताना खालून बोटं घालायची नाहीत. क्रेडिट कार्ड सरकेल एवढी फट त्याला आत यायला पुरते. म्हणजे काम ठरलेलं: दारांना खालून रबरी पट्टी, गॅरेजच्या दाराचं रबर दर दोन-तीन वर्षांनी नवं, नळ आणि वायर जिथून भिंतीत शिरतात तिथे सिलिकॉन, पोटमाळ्याच्या झरोक्यांना बारीक जाळी.

अतिनील टॉर्च घेऊन अंधारात अंगणात जा. विंचू हिरवट निळा चमकतो आणि लांबून दिसतो. नुकतीच कात टाकलेला तेवढा चमकत नाही, हे लक्षात असू द्या. सिमेंटच्या ठोकळ्यांच्या कुंपणभिंती आतून पोकळ असतात, तिथे त्यांची वस्ती असते. भिंतीच्या माथ्यावरच्या आणि सांध्यांतल्या फटी बुजवल्या की निम्मं काम झालं.

फवारणीने विंचू सहसा मरत नाही. त्याचं पोट जमिनीला फारसं टेकत नाही आणि तो महिनोन्‌महिने उपाशी राहू शकतो. मरतात ती झुरळं, रातकिडे, आणि ते खाणाऱ्या पाली.

---

दूधभाकर

धागा चांगला आहे, पण अंगण मोकळं सोडा हे मला पटलं नाही. माझी मुलगी आत्ता रांगते आहे आणि हाताला लागेल ते तोंडात घालते. विंचू चावला तर मोठ्या माणसाला दुखेल, तिचं काय होईल? मी महिन्याची फवारणी बंद करणार नाही. पाली कमी झाल्या तरी चालतील.

---

रात्रपाळी

दूधभाकर ताई, तुमची काळजी रास्त आहे. मी इथल्या एका रुग्णालयात परिचारिका आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

मोठ्या माणसाला बार्क स्कॉर्पियन चावला की ठणका, मुंग्या आणि बधीरपणा येतो. तो एक-दोन दिवस, कधी जास्तही राहतो आणि उतरतो. लहान मुलांमध्ये विष मज्जातंतूंवर जोरात काम करतं. डोळे गरगर फिरतात, तोंडातून लाळ गळते, हातपाय झटकले जातात, मूल काही केल्या शांत होत नाही, श्वासाला त्रास होतो. यातलं काहीही दिसलं तर घरगुती उपायात एक मिनिट घालवायचं नाही, थेट आणीबाणीच्या ९११ ला फोन. लक्षणं नसतील तरी विषबाधा केंद्राला फोन करायचा: १-८००-२२२-१२२२. हा क्रमांक देशभर चालतो आणि चोवीस तास माणूस बोलतो. फ्रिजवर लिहून ठेवा, आजी-आजोबा आले असतील तर त्यांनाही दाखवा.

उतारा आहे. अ‍ॅनास्कॉर्प नावाचं प्रतिविष मेक्सिकोत तयार होतं आणि अमेरिकेत २०११ साली त्याला मान्यता मिळाली. गंभीर लक्षणांची मुलं काही तासांत सावरतात. तेव्हा घाबरून जायचं कारण नाही, पण उशीर करायचा नाही.

आता पाळण्याचं. पाळणा भिंतीपासून हातभर लांब ठेवा, चादर आणि मच्छरदाणी जमिनीला टेकू देऊ नका, आणि पाळण्याच्या चारही पायांखाली काचेच्या स्वच्छ बरण्या ठेवा. गुळगुळीत काचेवर विंचवाला चढता येत नाही. झोपवायच्या आधी अतिनील टॉर्च एकदा खोलीभर फिरवा, छतावर सुद्धा. तुमच्या लेकीचं रक्षण फवारणीपेक्षा या गोष्टींनी जास्त होईल.

---

कोरडवाहू

रात्रपाळी यांनी लिहिलं त्यात एवढंच घालतो: रांगणारं मूल असेल तर घराच्या भिंतीलगतची तीन-चार फूट पट्टी पूर्ण मोकळी करा. लाकडं, पालापाचोळा, विटा, रिकाम्या कुंड्या, काही नको. औषध मारायचंच असेल तर बाहेरून भिंतीच्या पायापाशी तेवढंच. सगळ्या अंगणाला कशाला?

---

चैत्रपालवी

मला पालींबद्दल विचारायचंय. संध्याकाळी मागच्या दिव्यापाशी चार-पाच फिक्या गुलाबी पाली जमतात, चुकचुकतातही. आई आल्यापासून रोज म्हणते, घरात येऊ देऊ नकोस, विषारी असतात. खरं का?

---

सवारोच्या_सावलीत

विषारी नाहीत. दिव्याखालच्या त्या मेडिटेरेनियन गेको, भूमध्य समुद्राकडून माणसाबरोबर आलेल्या. माणसांच्या भिंती आणि माणसांचे दिवे यांवरच त्यांचं बस्तान आहे, उघड्या वाळवंटात त्या फारशा दिसत नाहीत. पतंग, झुरळांची पिल्लं, डास खातात. घरात शिरलीच तर काचेचा पेला आणि जाड कागद, आणि बाहेर. शेपटी धरू नका, ती तोडून पळेल. नवी शेपटी येते खरी, पण त्यासाठी तिची साठवलेली चरबी खर्ची पडते.

इथली मूळची पाल वेगळी. वेस्टर्न बँडेड गेको, अंगावर तपकिरी पट्टे, नाजूक, बोटांना चिकटणाऱ्या गाद्या नाहीत म्हणून भिंतीवर चढत नाही, जमिनीवरून फिरते. आणि तिला पापण्या आहेत! घरपालीला पापण्या नसतात, ती जिभेने डोळे पुसते. बँडेड गेको डोळे मिटून बसलेली बघितली की मला फार आनंद होतो. पकडली तर बारीक चिरकते. लोक तिला हीला मॉन्स्टर या विषारी सरड्याचं पिल्लू समजून मारतात, याचं मनापासून वाईट वाटतं.

दिवसा कुंपणभिंतीवर जोर-बैठका काढणारे असतात ते स्पायनी लिझार्ड. नराचा पोटाखालचा निळा रंग बघा. ते जोर म्हणजे शेजारच्या नराला दिलेली ताकीद.

आणि शिंगवाला सरडा, रीगल हॉर्न्ड लिझार्ड. कायोटी किंवा कुत्रा अंगावर आला तर डोळ्यांच्या कडेतून रक्ताची चिळकांडी मारतो. त्याचं मुख्य खाणं म्हणजे हार्वेस्टर मुंग्या, रोज शेकड्यांनी. मुंग्यांची वारुळं औषधाने संपवली की तो उपाशी पडतो. शहराच्या आत तो दिसेनासा झाला आहे, साऊथ माउंटनच्या बाजूला किंवा शहराच्या कडेला नशीब असेल तर भेटतो. दूधभाकर, पाली कमी झाल्या तरी चालतील हे वाक्य म्हणून मला टोचलं. मुलीसाठी लिहिलंत हे समजतं, तरी टोचलं.

---

मधुमेही_नाना

हीला मॉन्स्टरचा विषय निघाला म्हणून. त्याच्या लाळेतल्या एका पदार्थावरून मधुमेहाचं औषध निघालं हे बऱ्याच जणांना माहीत नसेल. डॉ. जॉन एंग यांनी त्या विषात एक्झेंडिन-४ नावाचा पदार्थ शोधला. माणसाच्या आतड्यात जेवणानंतर स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला सांगणारं एक संप्रेरक असतं, त्याच्यासारखंच हे काम करतं. आपलं संप्रेरक काही मिनिटांत विरघळून जातं, हे मात्र तासन्‌तास टिकतं. त्याची कृत्रिम प्रत म्हणजे एक्झेनाटाइड, २००५ साली बाजारात आली. आज वजन आणि साखर कमी करणाऱ्या ज्या इंजेक्शनांची एवढी चर्चा आहे, त्या घराण्यातलं बाजारात आलेलं हे पहिलं औषध. मी स्वतः ते घेतलेलं आहे, त्यामुळे या प्राण्याबद्दल मला कृतज्ञता वाटते.

अ‍ॅरिझोनात १९५२ पासून त्याला कायद्याचं संरक्षण आहे. आयुष्याचा बहुतेक काळ तो जमिनीखाली असतो, शेपटीत चरबी साठवतो, पक्ष्यांची अंडी आणि घरट्यातली पिल्लं खातो. वाटेत दिसला तर थांबून जाऊ द्यावं. मुद्दाम हात लावल्याशिवाय तो चावत नाही.

---

दोन_कुत्री

कुत्री पाळणाऱ्यांसाठी. मान्सूनचा पहिला पाऊस झाला की सोनोरन डेझर्ट टोड बाहेर येतात. हाताच्या पंजाएवढा हिरवट बेडूक, जबड्याच्या कोपऱ्यापाशी पांढरी चामखीळ. वर्षाचा मोठा भाग जमिनीखाली काढतो आणि पावसाच्या गडगडाटाने वर येतो. कानामागच्या गाठींत विष असतं. कुत्र्याने तोंडात धरला तर काही मिनिटांत फेस, हिरड्या लालभडक, झोकांड्या, झटके, आणि जीवही जातो.

आमच्या लहान कुत्र्याने मागच्या पावसाळ्यात एक पकडला होता. काय करायचं ते आधी वाचलेलं होतं म्हणून तो वाचला. नळी घ्यायची, कुत्र्याचं तोंड जमिनीकडे वाकवायचं, पाणी गालाच्या बाजूने सोडून पुढून बाहेर पडू द्यायचं. पाणी घशात जाता कामा नये. मधे मधे ओल्या कापडाने हिरड्या आणि जीभ पुसायची, कारण विष चिकट असतं. हे करता करताच पशुवैद्याला फोन, आणि लगेच निघायचं. जुलै ते सप्टेंबर अंधार पडल्यावर कुत्र्याला दोरीशिवाय अंगणात सोडू नका, आणि त्याच्या पाण्याचा वाडगा रात्री बाहेर ठेवू नका. बेडूक त्यात येऊन बसतो.

बेडकाला मारायची गरज नाही. हातमोजे घालून बादलीत घ्या आणि कुंपणाबाहेर सोडा.

---

चैत्रपालवी

मान्सून म्हणजे इथे नक्की कधीपासून?

---

कोरडवाहू

हवामान खात्याच्या हिशेबाने १५ जून ते ३० सप्टेंबर. खरा पाऊस बहुतेकदा जुलैत. तेव्हाच सगळं एकदम जागं होतं. स्पेडफूट बेडूक डबक्यात अंडी घालतात, आणि त्यांच्यातली एक जात आठवडा-दीड आठवड्यात अंड्यापासून बेडकापर्यंत पोचते, कारण डबकं त्याहून जास्त टिकत नाही. नर टॅरंट्युला, म्हणजे मोठे केसाळ कोळी, मादी शोधत रस्त्यांवरून फिरतात. त्यांना गाडीखाली घेऊ नका. मादी वीस वर्षांहून जास्त जगते, नर मात्र वयात आल्यावर थोडेच दिवस उरतो.

पालो व्हर्डीच्या झाडाखालून बोटाएवढे काळे भुंगे निघतात आणि दिव्यावर येऊन आदळतात. घाबरवतात खरे, पण करत काही नाहीत. अळी होऊन काही वर्षं मुळांवर जगलेले असतात, बाहेर आल्यावर थोड्याच दिवसांत त्यांचं सगळं आटोपतं.

आणि भर दुपारी, माणूस दार उघडायला धजत नाही तेव्हा झाडावर जो किर्र आवाज चालतो तो अपाची सिकाडाचा. झाडाचा रस पितो आणि अंगावरच्या छिद्रांतून ते पाणी बाहेर सोडून स्वतःला गार ठेवतो. पक्षी सावलीत गप्प बसतात त्या वेळी याला गाता येतं, ते यामुळे.

---

उत्तरेचा_रस्ता

मी शहराच्या उत्तर कडेला राहतो. आमच्याकडे सापांचा विषय जास्त. अ‍ॅरिझोनात रॅटलस्नेकच्या, म्हणजे शेपटी खुळखुळवणाऱ्या विषारी सापांच्या, १३ जाती आहेत, अमेरिकेतल्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. घराजवळ येतो तो बहुधा डायमंडबॅक. तो उंदरांसाठी येतो, त्यामुळे उंदीर ज्याने येतात ते आधी आवरा: सांडलेलं पक्ष्यांचं दाणं, जमिनीवर पडलेली संत्री, गॅरेजमधली खोकी.

पण उंदरांना विषाच्या गोळ्या घालू नका. तो उंदीर घुबड खातं, ससाणा खातो, आणि तेही मरतात. सापळा लावा.

साप दिसला की लांब उभं राहायचं आणि नजर ठेवायची, मुलं आणि कुत्री आत. काही भागांत अग्निशमन दल येऊन उचलतं, काही भागांत सर्पमित्र बोलवावा लागतो. स्वतः काठी घेऊन जायचं नाही. हाताला झालेले पुष्कळसे दंश मारायला किंवा पकडायला गेल्यामुळेच होतात. दंश झाला तर अंगठ्या, घड्याळ काढायचं, ९११ ला फोन करायचा, हलायचं कमी. चिरा, आवळून बांधणं, बर्फ, चोखणं, यातलं काहीही नाही.

माझी विनंती एवढीच की साप उचलणाऱ्याला जवळच्याच मोकळ्या जागेत सोडायला सांगा. "कुठेतरी लांब नेऊन सोडा" असं सांगायला बरं वाटतं, पण अनोळखी जागी त्याला बिळं माहीत नसतात, पाणी माहीत नसतं. तो भटकत राहतो आणि बरेचदा मरतो.

---

दूधभाकर

जवळ सोडला की परत येणार. तुमच्या अंगणात येऊ दे, माझ्या नको.

---

उत्तरेचा_रस्ता

येऊ शकतो, नाही म्हणत नाही. पण आल्यावर खायला उंदीर आणि लपायला अडगळ सापडली नाही तर तो थांबत नाही. आणि सगळेच साप रॅटलस्नेक नसतात. गोफर साप फुसफुस करतो, शेपटी पाचोळ्यात हलवून रॅटलस्नेकचं सोंग आणतो, पण बिनविषारी आहे. किंगस्नेक तर रॅटलस्नेकच खातो. असा साप अंगणात असेल तर त्याला राहू द्यावं असं मी कळकळीने सांगेन.

---

टुसॉनकर

थोडं आमच्या गावाचं. ऑगस्टच्या शेवटापासून हमिंगबर्डसाठी टांगलेलं साखरपाणी सकाळी रिकामं दिसतं. रात्री वटवाघळं पितात. लेसर लाँग-नोज्ड जातीची, सवारो निवडुंग आणि अगावेच्या (घायपाताच्या) फुलांवर जगणारी. १९८८ साली धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत गेली होती, २०१८ साली यादीतून बाहेर आली. तेव्हा भांडं काढून घेऊ नका, फक्त रोज धुवा.

फिनिक्समध्येही कॅमलबॅक रोडजवळच्या पूरनियंत्रण बोगद्यातून उन्हाळ्यात संध्याकाळी हजारो वटवाघळं निघतात. मुलांना घेऊन जा.

हमिंगबर्डला पाणी चालतं, पण फिनिक्सच्या मॅरिकोपा आणि टुसॉनच्या पिमा काउंटीत पक्षी आणि झाडावरच्या खारी सोडून इतर वन्य प्राण्यांना मुद्दाम खायला घालणं बेकायदा आहे. हावेलीनांचा, म्हणजे इथल्या रानडुकरासारख्या प्राण्यांचा, कळप गोड दिसतो म्हणून भोपळा फेकणारे लोक आहेत. त्या प्राण्याची नजर अधू, कळपात पिल्लं असतात, आणि माणसाकडे अन्न असतं हे एकदा शिकला की कुत्रा घेऊन चाललेल्या माणसाच्या अंगावर जातो. मग शेवटी त्यालाच मारावं लागतं.

---

सवारोच्या_सावलीत

पक्ष्यांवरून आठवलं. टेंपीच्या विद्यापीठात उन्हाळ्यात इमारतीच्या हवा बाहेर टाकणाऱ्या झरोक्यांवर गुलाबी तोंडाचे छोटे पोपट ओळीने बसलेले असतात. मूळचे नैर्ऋत्य आफ्रिकेतले लव्हबर्ड, पिंजऱ्यांतून सुटलेले. आतून येणाऱ्या गार हवेसाठी तिथे येतात. शहरात राहायचं कसं हे त्यांना बरोबर उमगलं आहे.

ज्यांना हे जमत नाही त्यांची मला जास्त काळजी. २०२३ साली फिनिक्समध्ये सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइट, म्हणजे ४३ सेल्सिअस, किंवा त्याहून वर गेला. सवारो निवडुंगांचे हात गळून पडले, काही मुळापासून कोसळले. सवारो रात्री छिद्रं उघडून श्वास घेतो, त्याला रात्रीचा गारवा लागतो. सिमेंट आणि डांबर दिवसभराची उष्णता रात्रभर सोडत राहतं, शहरातल्या सवारोला तो गारवा मिळतच नाही. पहिला हात फुटायलाच त्याला पन्नास ते पंचाहत्तर वर्षं लागतात. हीला सुतारपक्षी त्याच्यात ढोली पाडतो, ती सोडून गेला की तिथे छोटं एल्फ घुबड राहायला येतं. अंगणात म्हातारा सवारो असेल तर तो घराच्या किमतीपेक्षा मोठा ठेवा आहे. त्याच्या पायाशी खडी आणि प्लॅस्टिक अंथरू नका.

---

दूधभाकर

कोरडवाहू, भिंतीलगतची पट्टी मोकळी केली. दाराखाली पट्ट्या पुढच्या आठवड्यात लागतील. पाळण्याखाली बरण्या आजच ठेवल्या. फवारणीवाल्याला मात्र सध्या येऊ देणार आहे, फक्त भिंतीच्या पायापुरता. मुलगी चालायला लागली की परत विचार करेन.

---

रात्रपाळी

हे उत्तम. बूट घालायच्या आधी झटकायची सवय सगळ्यांनाच लावा, आणि आंघोळीच्या टबात टॉवेल पडू देऊ नका.

---

चैत्रपालवी

शेवटचा प्रश्न. आज सकाळी वस्तीच्या रस्त्यावर एक कासव चाललं होतं. उचलून घरी आणावं का? ऊन फार होतं.

---

उत्तरेचा_रस्ता

आणू नका. डेझर्ट टॉर्टॉइज रानातून उचलणं बेकायदा आहे. शिवाय घाबरलं की ते मूत्राशयातलं पाणी सोडून देतं, आणि तेच पाणी त्याला पुढचा पाऊस येईपर्यंत पुरवायचं असतं. गाडीखाली जाईल अशी भीती असेल तर दोन्ही हातांनी आडवं धरून, जमिनीपासून फार वर न उचलता, ते ज्या दिशेने चाललं होतं त्याच बाजूला रस्त्यापलीकडे ठेवा, झुडपाच्या सावलीत. पाठीवर रंगाची खूण असेल, किंवा भर वस्तीत फिरत असेल, तर ते कोणाचं तरी पाळलेलं असण्याची शक्यता जास्त. तेव्हा शेजारी विचारा आणि राज्याच्या गेम अँड फिश खात्याला कळवा. पाळलेलं कासव परत रानात सोडायचं नसतं, त्याच्या श्वासनलिकेचा आजार रानातल्या कासवांना लागतो. पाळायचंच असेल तर त्या खात्याची दत्तक योजना आहे, अर्ज करता येतो. त्यांना अंगणात बीळ आणि पक्कं कुंपण असल्याची खात्री करून द्यावी लागते.